मामांची गाडी सरळ का जात नव्हती

हे लिहायचा मला अधिकार आहे का, माहीत नाही. पुरवणीत ज्यांच्यावर लेख येतात ती माणसं नावाजलेली असतात, लिहिणारेही. माझे मामा भोकरदनच्या एका सरकारी कचेरीत जीप चालवायचे, आणि मी जालन्यात बी.एस्सी. करतो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. मामा जाऊन महिना उलटला, तरी डोक्यातला गोंधळ जात नाही…

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पांढरी अ‍ॅम्बेसिडर घेतली. माझ्या आईला, म्हणजे धावड्याला दिलेल्या धाकट्या बहिणीला, त्यांनी शब्द दिला होता की चतुर्थीला राजूरच्या गणपतीला याच गाडीतून नेईन. जन्मभर साहेबांना मागच्या सीटवर बसवलं, एकदा बहिणीला बसवायचं, एवढीच हौस. पण गाडी डावीकडे ओढायची.

सलीमभाई मिस्त्रींनी पुढचा भाग उघडला तेव्हा दोष खरोखर निघाला. डावं चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश पार झिजलेले, स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या रॉडचा सांधाही ढिला. नवं सामान जालन्याहून मीच नेलं. सलीमभाईंनी ते बसवलं, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून ओळ पाहिली आणि गाडी सरळ झाली. मामा इतके खूश, की म्हणाले, "सलीमभाई, आता हिला नुसती सोडून दिली तरी राजूरला नारळ फोडून परत येती!"

आईला नेण्याआधीच ती पुन्हा ओढायला लागली. पुन्हा पुढचा भाग उघडला. या वेळी काहीच निघालं नाही. टायर बदलून पाहिले, सुतळी पुन्हा पुन्हा ताणली.

"ड्रायवरसाब, गाडी बिलकुल बराबर हाये," सलीमभाई वैतागून म्हणाले. "शक तुमच्या डोक्यात हाये, त्याला मी कोणता पाना लावू?"

"उभा जन्म स्टेरिंगवर गेला माझा. ओढून राह्यली म्हणजे ओढून राह्यली."

चतुर्थी जवळ आली की आई साडी काढून ठेवायची, आणि मामांचा फोन यायचा. "बाई, अजून बराबर न्हाई झाली. असल्या गाडीत तुला न्हाई बसवणार."

"मंग यष्टीनं जाऊ की, दादा. गणपती काय गाडी बघतो का?"

"यष्टीनं सगळेच जातेत."

आमची शेवटची भेट दिवाळीच्या सुट्टीतली. राजूरच्या रस्त्याला आधी मी गाडी चालवली. हात सैल सोडले तरी ती सरळ चालली. मी तसं म्हणालो, तर मामांनी गाडी थांबवायला लावली आणि स्वतः बसले. थोडं पुढं गेल्यावर गाडी हळूहळू डाव्या साइडपट्टीवर उतरायला लागली. मी चाकं कशी वळतात तेच पाहायला खिडकीतून वाकलो होतो. त्यांचा डावा हात तेवढा ओझरता दिसला, खुंटीला पिशवी अडकवावी तसा स्टेअरिंगला अडकवलेला…

"पाह्यलं का?" मामा म्हणाले. "तुझा हात हलका हाये. तुला न्हाई कळायचं."

मला ते पटलं. मला गाडी त्यांनीच शिकवली होती.

त्यानंतर मामा अंगणात कोसळले. संभाजीनगरला नेलं, पण ते परत आले नाहीत. मला एवढंच कळलं की मेंदूत काहीतरी झालं होतं. गाडी सरळ होती की ओढत होती, हे मी स्वतः चालवूनही सांगू शकत नव्हतो.

परवा मामीचा फोन आला. दवाखान्यातलं सगळं पुन्हा सांगत होती, आणि त्यात सहज बोलून गेली, "डाक्टरनं इचारलं, डोक्यातली गाठ जुनी हाये, डावा हात कधीपासून जड पडून राह्यला यांचा? मी म्हणलं, न्हाई साहेब, हात बराबर हाये… ती गाडीच डावीकडं ओढून राह्यली."