मावशीच्या तोंडचे फुगे

ठिपकीचं खरं नाव कागदोपत्री कुठेतरी आहे, पण त्या नावाने तिला हाक मारल्याचं कोणाला आठवत नाही. लहानपणी तिच्या हातात शाईचं पेन आलं, की थोड्याच वेळात नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका उमटलेला असायचा. मावशी म्हणायची, "पोरगी आहे की टीपकागद?" तेव्हापासून ती ठिपकी. पुढे ती मोठी झाली, चष्मा लागला, नोकरी धरून सोडूनही झाली, तरी ठिपका आपल्या जागेवर हजर.

शिकायला म्हणून ती मावशीकडे राहायला आली आणि तिथलीच होऊन गेली. मावशीचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. दोन यंत्रं, मधोमध कापड बेतायचं लांबरुंद टेबल, भिंतीला कपडे अडकवायच्या खुंट्या, आणि जमिनीवर दोऱ्याचे तुकडे इतके, की अनवाणी चाललं तर तळवे रंगीत होऊन यावेत. खिडकीजवळ जिथे इस्त्रीचं टेबल असायचं तिथे आता ठिपकीचं चित्रांचं टेबल. त्यामुळे तिच्या शाईत दोरे पडायचे आणि गिऱ्हाइकांच्या शर्टावर शाई. मावशी मग तोंडात टाचण्या धरून अख्खं भाषण द्यायची. टाचण्या तोंडात असताना इतकं स्पष्ट भांडणारी दुसरी बाई त्या रस्त्यावर नव्हती.

आता नोकरीचं ऐका. ठिपकी एका बिस्किटांच्या कारखान्यात पुड्यांवरची चित्रं काढायची. पुड्यावर एक हसरं पोर होतं. साहेब रोज येऊन म्हणायचे, "अजून थोडं हसवा." हिने हसवलं. दुसऱ्या दिवशी, "अजून थोडं." असं करत करत त्या पोराचं तोंड कानाला जाऊन भिडलं. साहेब म्हणाले, "झकास! आता ते डोळे तेवढे मध्ये येतात, ते काढून टाका." ठिपकीने ब्रश धुतला, पुसला, पिशवीत टाकला आणि घर गाठलं.

दारावर तिने स्वतःच्या हाताने पाटी रंगवून लावली : 'स्वतंत्र चित्रकार'. मावशीने पाटी खालून वर आणि वरून खाली वाचली. "स्वतंत्र म्हणजे काय गं? घरी बसून चहा मागणारी?"

"म्हणजे आता मला कोणी साहेब नाही."

"असं होय? मग मी कोण?"

पहिलं काम आलं ते कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं. बाहेर थांबणाऱ्या माणसांना जरा बरं वाटावं म्हणून भिंतीवर दातांचं चित्र हवं होतं. ठिपकीने मोठ्या हौसेने गोल गोल पांढरे दात काढले, आणि दात गोड दिसावेत म्हणून प्रत्येकाला टपोरे डोळे दिले. आठवड्याभराने डॉक्टर दारात उभे. "अहो, माणसं खुर्चीत बसतात आणि तोंडच उघडत नाहीत! म्हणतात, राहू द्या, उपटू नका, तो बघतोय." शेवटी ठिपकीने सगळ्या दातांचे डोळे मिटवून त्यांना झोपवलं. ते झोपलेले दात अजून तिथे आहेत, आणि मुलं त्या खोलीत कुजबुजत बोलतात म्हणे.

पण अशी कामं करता करता तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तिला स्वतःचं कॉमिक काढायचं होतं. गोष्टही ठरली होती : एक शिवणबाई असते, ती गळ्यात मापाची टेप घालून डोंगराएवढ्या राक्षसांचे कपडे शिवत फिरते. राक्षसाच्या पोटावर शिडी लावून चढते, त्याच्या कॉलरीत बसून बटणं लावते. शिवणबाईला दोरीचा चष्मा होता, तोंडात टाचण्या होत्या, कमरेवर हात होते. ज्याने त्याने बघून म्हणावं, "ही तर तुझी मावशी!" ठिपकी म्हणायची, "छे, नुसता चष्मा तसा आहे."

मावशी म्हणायची, "माझं नाक एवढं मोठं कुठाय?" आणि आरशासमोरून जाताना हळूच बघून घ्यायची.

त्या सुमाराला मुलांच्या एका मासिकाचं शेवटचं पान रिकामं झालं. त्यावर वर्षानुवर्षं चित्रकथा काढणारे म्हातारे चित्रकार थकले आणि घरी बसले. ते पान मिळालं तर ठिपकीला दर महिन्याला आपली, अगदी आपली स्वतःची शिवणबाई काढता येणार होती. नाहीतर आहेच पुन्हा बिस्किटाचं पोर. ती चित्रं घेऊन संपादकांना भेटली. संपादक म्हणजे चेहरा असा, की जणू नुकतीच कोणाची तरी शिकवणी संपवून उठलेत. मासिक विनोदी, पण त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"सुटी चित्रं मी बघत नाही," ते म्हणाले. "पुस्तक छापा. पुढच्या महिन्यात पुस्तकांचा मेळा आहे, तिथे टेबल मांडून बसा. मी येईन, उभ्याने वाचेन. हसू आलं तर पान तुमचं."

ठिपकी तरंगत घरी आली. मग काय, दिवस म्हणू नका, जेवण म्हणू नका, पानांमागून पानं. संगणकावर चित्राचे थर असतात, काचेवर काच ठेवावी तसे. एका काचेवर रेषा, दुसरीवर रंग, तिसरीवर बोलण्याचे फुगे आणि सगळ्यात वर त्या फुग्यांतली अक्षरं. रंग नीट दिसावेत म्हणून तिने अक्षरांची काच जरा वेळ बाजूला केली, रंग संपवले, आणि तश्शीच पानं छापखान्यात धाडून दिली.

गठ्ठे घरी आले. नव्या कागदाचा वास पुढच्या खोलीभर सुटला. मावशीने कात्रीने दोरी कापली. ठिपकीने पहिलं पुस्तक उघडलं आणि मटकन खाली बसली. राक्षस तोंड उघडून रडतोय, शिवणबाई हात नाचवून काहीतरी सांगतेय, आणि फुगे सगळे पांढरेशुभ्र. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एक अक्षर नाही.

छापखानेवाल्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हो, बघितलं ना मी. मला वाटलं मुलांनी भरायचं सराव-पुस्तक असेल. म्हटलं, कल्पना छान आहे."

"पुन्हा छापून द्या ना!"

"यंत्रावर आता दुसऱ्याचं काम चढलंय, ताई. मेळा उठेपर्यंत काही ते उतरत नाही."

ठिपकीच्या तोंडचं पाणी पळालं. मेळा उंबरठ्यावर आलेला. काका, म्हणजे मावशीचे यजमान, आतून आले. टपाल कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, कशालाही न घाबरणारा. त्यांनी पुस्तक उलटसुलट केलं, कागदावर पेनाने बारीक रेघ ओढून बघितली. "शाई पसरत नाही. हाताने लिहू."

"सगळ्या पुस्तकांत?"

"मग काय झालं? तुमची पत्रं वाटताना आम्ही कधी म्हणालो का, की सगळ्यांची?"

झालं. कापड बेतायच्या टेबलावर वाटणी झाली. कुठल्या फुग्यात काय बोलणं, त्याचे कागद ठिपकीने तिघांसाठी काढले. काका खुर्ची सरळ करून बसले आणि एकेक अक्षर असं बसवू लागले, की जणू चुकलं तर चौकशी लागेल. मावशी आपला गठ्ठा उचलून आतल्या खोलीत गेली. "तुमच्या बडबडीत मला लिहायला जमायचं नाही," म्हणाली. ही गोष्ट मावशीने दुसऱ्यांना म्हणावी, यावर काका काही बोलणार होते, पण लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस, त्यांनी फुगा भरायला घेतला. आतून मधूनमधून मावशीचं फिसफिस हसू ऐकू यायचं. ठिपकीला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपले विनोद मावशीला आवडतायत. लिहून झालेली पुस्तकं कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवून वाळवली, पेट्या भरल्या, आणि तिघं मेळ्याला निघाली.

मेळ्याचा मोठा मांडव, रांगेने टेबलं, माणसांची वर्दळ. ठिपकीने पुस्तकं मांडली. मावशी शेजारच्या खुर्चीत बसली आणि टेबलावरच्या चादरीची उसवलेली कड शिवायला लागली. रिकामे हात तिला सोसत नाहीत. थोड्या वेळाने एक बाई पुस्तक चाळता चाळता खो खो हसली. मग तिच्या मैत्रिणीने एक घेतलं, तीही हसली. ठिपकीचा ऊर भरून आला. तिने न राहवून त्या बाईच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

पहिल्या पानावर रडणाऱ्या राक्षसाला शिवणबाई काय म्हणणार होती? ठिपकीने खपून लिहिलेलं वाक्य होतं, 'हे महाकाया, तुझ्या अंतरीची व्यथा मी जाणते. धीर धर!' आणि फुग्यात काय होतं? 'रडायचं नंतर. आधी पोट आत घे. एवढंच जातं? बरं, सोड. कापड वाढवून घेऊ.'

पुढच्या पानावर राक्षस शिंकतो आणि शिवणबाई उडून झाडावर अडकते. तिथे 'अरेरे, नियतीचा हा केवढा आघात!' असायला हवं होतं. होतं असं : 'तोंडावर हात ठेवायला हात कमी पडले का तुला?'

"मावशी!"

"काय गं?"

"हे काय लिहिलंस तू?"

"मग काय लिहू? नाक माझं, चष्मा माझा. मी कधी कोणाला महाकाया म्हटलंय का? लोक काय म्हणतील?"

"पुस्तक माझं आहे!"

"तुझंच आहे की! मी कुठे त्यावर माझं नाव घातलं?"

ठिपकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाकावरचा ठिपकासुद्धा लाल झाला असेल. तिने मावशीच्या हातची सगळी पुस्तकं ओळखून काढली, टेबलाखालच्या पेटीत कोंबली आणि वर पाय ठेवला. वर राहिली काकांची आणि तिची. काकांची उघडून बघितली तर वेगळाच प्रकार. तिने कागदावर कंसात 'ओरडून' असं लिहिलं होतं, ते काकांनी फुग्यात जसंच्या तसं उतरवलं होतं, कंसासकट. आणि प्रत्येक फुग्याच्या कोपऱ्यात तपासल्याची बारीक खूण. तीही पुस्तकं मग खाली गेली.

तेवढ्यात संपादक आले. कोणाला नमस्कार नाही, काही नाही. ठिपकीने स्वतःच्या अक्षरातलं पुस्तक पुढे केलं. त्यांनी उभ्याने वाचलं. पान उलटलं, पान उलटलं. चेहरा तसाच. शेवटचं पान मिटून म्हणाले, "रेषा चांगली आहे." आणि पुस्तक खाली ठेवलं.

'चांगली आहे' असं म्हणून माणूस पुस्तक खाली ठेवतो, तेव्हा काय समजायचं ते चित्रकाराला कळतं. ठिपकीने मावशीकडे बघितलं. मावशी सुईत दोरा ओवण्यात अगदी बुडून गेल्यासारखं दाखवत होती. संपादकांनी पाय वळवला. ठिपकीच्या मनात एक क्षण चांगली ओढाताण झाली. मग तिने पेटीवरचा पाय काढला.

"थांबा. हेही वाचा. चित्रं माझीच आहेत, पण ह्यातले शब्द माझे नाहीत."

संपादकांनी उघडलं. पहिल्या पानावर त्यांच्या नाकातून 'फुस्' असा आवाज आला. दुसऱ्यावर खांदे हलायला लागले. शेवटच्या पानावर राक्षस नवा सदरा घालून आरशात बघतो आणि शिवणबाई म्हणते, 'छान दिसतोयस. आता जेवताना बेताने.' तिथे संपादकांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"कोणी लिहिलं हे?"

"मावशीने."

संपादक मावशीपुढे अदबीने वाकले. "बाई, आमच्यासाठी दर महिन्याला लिहाल?"

"मी? मला काय उद्योग नाहीत? बाह्या बसवायच्या पडल्यात चार ठिकाणच्या. आणि मी लिहीत नसते हो, मी बोलते. लिहायचं ते हिने लिहावं. कान आहेत ना तिला?"

संपादक ठिपकीकडे वळले. "मग असं करू. एक पान तुम्हाला देतो. फक्त एक. चित्र तुमचं, शब्दही तुमचेच. असंच हसू आलं तर पुढचं बोलू."

आता गंमत बघा. ठिपकी कान टवकारून घरी बसली, हातात पेन्सिल, आणि मावशीच्या तोंडातून एक धड शब्द निघेना! आपलं बोलणं छापलं जाणार हे कळल्यावर मावशी एकदम साखरेत घोळून बोलायला लागली. इस्त्री पायावर पडता पडता वाचली, तर म्हणे, "अगं बाई, किती छान इस्त्री आहे ही!" एका गिऱ्हाइकाने पँट तिसऱ्यांदा सैल करायला आणली, तर हसून म्हणाली, "या, या, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं दुकान आहे." गिऱ्हाईक इतकं घाबरलं, की पँट तशीच घेऊन गेलं. काकांनी ठिपकीला बाजूला घेऊन विचारलं, "हिला बरं नाही का? काल मला 'अहो, दमला असाल' म्हणाली."

आणि ठिपकीला तिथेच सापडलं. तिने शब्द आधी लिहिले, मग फुगे काढले, आणि सगळ्यात शेवटी चित्र. पहिल्या चौकटीत शिवणबाई राक्षसाला गोड आवाजात म्हणते, 'बाळा, तुझं पोट किती सुंदर आहे.' राक्षस घाबरून आईला हाक मारतो. मग त्याची आई, ती त्याच्याहून मोठी, ती घाबरते. शेवटी सगळं राक्षसांचं गाव शिवणबाईच्या पाया पडतं : 'बाई, काय चुकलं ते सांगा, पण शिव्या द्या!' ह्यातलं एक अक्षर मावशीने सांगितलेलं नव्हतं. पान धाडलं, आणि ठिपकी संपादकांच्या फोनची वाट बघत बसली.

पुढे एका दुपारी फोन वाजला. ठिपकीचे दोन्ही हात शाईत होते, म्हणून मावशीने उचलला. थोडा वेळ ऐकलं, भुवया वर गेल्या, आणि तिची साखर विरघळली.

"लाज नाही वाटत? भर दुपारी कामाच्या वेळी लोकांना फोन करून नुसते खिदळता? घरात कोणी ऐकून घेत नाही वाटतं तुमचं? ठेवा फोन!" आणि तिनेच आपटला.

"कोण होतं गं, मावशी?"

"कोण जाणे. कोणीतरी खुळा म्हातारा. एक शब्द बोलवेना त्याला, सारखा हसतोय."

ठिपकी उठली ती दौत उलटी करूनच. शाई टेबलावरून एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर चालली, मावशीने टाचण्या तोंडात धरून बोलायला सुरुवात केली, आणि फोन पुन्हा वाजायला लागला.