बोटीच्या पेटीतलं जुनं लुगडं

बोटीवर जाताना काय न्यावं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी उभा जन्म एका खलाशाची पेटी भरली. स्वतः मात्र रेवसच्या लाँचपलीकडे कधी कशात बसले नव्हते.

माझा नवरा मालवाहू बोटीवर तेलवाला होता. तेलवाला म्हणजे इंजिनाला तेल घालणारा, एवढंच मला माहीत. वर्षातले बरेचसे महिने तो पाण्यावर, उरलेले घरी. रेवदंड्याला आमची नारळ-पोफळीची लहानशी वाडी आहे. ती मी आणि सासू सांभाळायचो. त्याचं बोलावणं आलं की पेटी खाटेवर यायची. तो एकेक वस्तू सांगायचा आणि मी ठेवायचे. कशाला, ते तो सांगत नसे. मीही विचारत नसे. तो मुळातच कमी बोलायचा. मी बोलते, पण कामापुरतं.

वस्तूही चमत्कारिक असायच्या. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. बिघडलेल्या भोंग्यातून काढलेलं गोल चुंबक. सुतळीचा गुंडा. जाड पुठ्ठ्याचे तुकडे, नीट घडी घातलेले. आलेपाकाची पुडी. जवळ्याची चटणी, दोन डब्यांत, वरून कापड बांधून. आणि सगळ्यात शेवटी म्हणायचा, "एक जुनं लुगडं दे तुझं."

ते लुगडं परत येत नसे. चिमटे यायचे, चुंबक यायचं, चटणीचे रिकामे डबेसुद्धा धुऊन यायचे. लुगडं कधीच नाही.

ही गोष्ट आळीत कळली. कशी ते विचारू नका. माझी सासू नळावर जायची.

"काय गो, तुजी लुगडी तिकडं कोन नेसतंय?" एक विचारायची.

"असंल कोन तरी. बंदराबंदराला एक असती म्हनतात," दुसरी म्हणायची.

"नेसू दे," मी म्हणायचे. "धुवायचं काम तरी वाचलं माझं."

त्या हसायच्या आणि मी हंडा उचलायचे. पण बोललेलं मनात राहतंच. नवऱ्याच्या तोंडी मोम्बासा बंदराचं नाव जास्त यायचं, म्हणून मी मनातल्या मनात तिला मोम्बासालाच ठेवलं. माझ्यापेक्षा उंच. माझं हिरवं लुगडं तिला घोट्याच्या वरच राहायचं आणि ते तिला शोभतही नसे. दुपारी पोफळींना पाणी सोडून बांधावर बसले की मी तिच्याशी भांडायचे. ती उलट बोलायची. चांगली तिखट होती.

एकदा नवऱ्याने माझ्यासाठी नायलॉनची साडी आणली. गुलाबी, वर एवढाली फुलं. मी ती दोन लग्नांत नेसले आणि घामाने जीव गेला. पुढच्या खेपेला त्याने जुनं लुगडं मागितलं तेव्हा मी तीच साडी घडी करून पेटीत ठेवली. मनात म्हटलं, घे, तिलाच नेसव. त्याने पेटी बंद केली आणि गेला.

ती एकच साडी परत आली. त्याने ती खाटेवर ठेवली आणि म्हणाला, "ही चालत नाही तिकडं."

कोणाला चालत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण सासू समोर बसली होती, मुलगी पायांत लुडबुडत होती आणि चुलीवर भात होता. मी मनात म्हटलं, तिला आवडली नाही. नायलॉन नको, सुती हवं. महाराणी आहे. ती साडी मी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि पुढच्या खेपेला मुकाट्याने सुती लुगडं दिलं.

पुढे तो कायमचा घरी आला. बरीच वर्षं आम्ही वाडीत दोघंच होतो. सासू गेली होती आणि मुलगी लग्न होऊन नव्या मुंबईला. कधीही विचारता आलं असतं. आम्ही पंपाबद्दल बोलायचो, माकडांबद्दल बोलायचो, सुपारीला कोण किती भाव देतो याबद्दल बोलायचो. लुगड्याचं काढलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं आणि ते उत्तर घेऊन त्याच घरात राहावं लागलं असतं. मग तो गेला. आता विचारायला कोणी उरलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलगी आली आणि म्हणाली, "आई, तुला क्रूझवर नेते."

"समुद्र मला घरातून दिसतो," मी म्हणाले.

"समुद्र बघायला नाही गं. मोठी बोट असते. गोव्यापर्यंत जाते. आपण सगळे जाऊ. तू घरात एकटी बसून असतेस."

"बोटीवर काय उभी राहणार आहे? तिथंही बसूनच असेन."

ती माझ्यावरच गेली आहे, ऐकत नाही. मोबाईल काढून वाचायला लागली. क्रूझवर न्यायच्या वेगळ्या पण उपयोगी वस्तू, असं कोणी तरी लिहिलं होतं. "हे बघ. चुंबकाचे हूक. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यावर पिशव्या लटकवता येतात. कपड्यांचे चिमटे. दोरी. आल्याच्या गोळ्या, मळमळ होऊ नये म्हणून..."

मी हातातला विळा खाली ठेवला. ही तर त्याची पेटी होती.

"पुढं वाच," मी म्हणाले. "जुनं लुगडं लिहिलंय का?"

"काय?"

"जुनं सुती लुगडं. लिहिलंय का?"

"आई, काहीतरीच काय विचारतेस!"

लिहिलेलं नव्हतं. मी म्हणाले, "येते मी." तिला वाटलं, तिने मला पटवलं. मला बोटीवर जाऊन एवढंच बघायचं होतं, तिथं जुन्या लुगड्याचं काय काम असतं. काम नसेलच, तर तेही कळेल.

पेटी मी नेहमीसारखीच भरली. चिमटे, भोंग्याचं चुंबक, सुतळी, पुठ्ठा, आलेपाक, चटणी. सगळ्यात शेवटी माझं जुनं लुगडं ठेवलं, धुऊन धुऊन रंग गेलेलं. मांडव्याहून गेटवेला आले. मुलगी, जावई आणि नात तिथं उभे होते. जावयाने पेटी उचलली आणि म्हणाला, "आई, हिच्यात दगड भरलेत का?"

बंदरावर सामान तपासतात. तपासणाऱ्याने चटणीचा डबा उघडला आणि मान मागे घेतली.

"आजी, हे बोटीवर चालत नाही."

"का? बोटीला वास येतो?"

"बाहेरचं खाणं चालत नाही."

जावयाने मोबाईल चार्ज करायला वायरीचा लांब बोर्ड आणला होता, तोही चालला नाही. दोघांच्या वस्तू शेजारी शेजारी ठेवून घेतल्या. त्या माणसाने लुगडं वर काढून उलटसुलट बघितलं आणि परत ठेवलं. ते चाललं.

बोट म्हणजे हॉटेलच. मला वेगळी खोली दिली होती, लहान, बरी. माझी झोप मोडू नये म्हणून वेगळी, असं मुलगी म्हणाली. माझी झोप मोडायला तिथं कोणी नव्हतंच. सकाळी खायला एकत्र बसायचो. मग नात पोहायला जायची, जावई कसला तरी खेळ बघायला आणि मुलगी दोघांच्या मागे. "आई, चल ना वर," ती म्हणायची. मी एकदा गेले. गाणी एवढ्या मोठ्याने लावली होती की समुद्राचा आवाज येत नव्हता. लोक समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. मी खाली आले.

खोलीत नवऱ्याच्या वस्तू एकेक करून कामाला लागल्या. चुंबक भिंतीला चिकटलं. त्यावर मी चष्म्याची पिशवी अडकवली. पडद्यामधून उजेड येत होता, तिथं दोन चिमटे लावले. न्हाणीत सुतळी बांधून पोलकं वाळत घातलं. बोट हलली की कपाटाचं दार खडखडायचं, त्यात पुठ्ठा सारला. तरी थोडं खडखडत राहिलं. तो इतकी वर्षं काय बघत होता ते मला तिथं बसून दिसलं. लोखंडाची भिंत आणि हलणारं दार. घरी येऊन यातलं काही सांगावं असं त्याला वाटलं नाही.

लुगडं मात्र कुठंच बसेना. अंथरायला चादरी होत्या, पुसायला टॉवेल होते. मी ते खाटेवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. मोम्बासावालीची बाजू वरचढ होत होती. "बघ," ती म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

दुपारी खोली आवरायला माणूस आला. कानाजवळ केस पिकलेले, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. भिंतीवरचं चुंबक बघून तो हसला.

"मावशी, घरात कोणी बोटीवर होतं का?"

"नवरा. मालवाहूवर. तू कुठला रे?"

"श्रीवर्धनच्या अलीकडचा. मीपण आधी मालवाहूवरच होतो, इंजिनात. मग कंबर गेली, म्हणून इकडं."

इंजिनात म्हटल्यावर मी आडून विचारलं नाही. लुगडं उचलून त्याच्या हातात दिलं. "तो दर खेपेला माझं असं एक जुनं लुगडं न्यायचा. परत आणायचा नाही. कशाला?"

त्याने पदर दोन बोटांत धरून चोळला, बाजारात तांदूळ बघतात तसा. "काय होते ते?"

"तेलवाला."

"मग चिंध्या, मावशी."

"चिंध्या?"

"व्हय. इंजिन पुसायला दिवसभर फडकी लागतात. कंपनीची मिळतात, पण ती कडक. कशात बटण राहिलेलं, कशात चेन. लोखंडाला ओरखडे जातात. असं मऊ सुती कापड मिळालं तर सोनं. कोणाच्या घरून लुगडं आलंय कळलं की सगळे भांडत यायचे, मला एक तुकडा, मला एक तुकडा."

"म्हणजे माझं लुगडं अख्ख्या बोटीने नेसलं."

तो मोठ्याने हसला. मग मला वाईट वाटलं की काय, असं वाटून लुगड्याची घडी घालायला लागला.

"आणि नायलॉनचं दिलं तर?" मी विचारलं.

"नायलॉन नाही चालत. तेल शोषत नाही, नुसतं फिरवतं. गरम पाइपाला लागलं तर वितळून चिकटतं."

ही चालत नाही तिकडं. एवढाच त्याचा अर्थ होता. अजून दोन शब्द जास्त बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं!

तो माणूस दारापर्यंत गेला आणि वळला. "काही जण थोडं उशाशीपण ठेवतात, मावशी. घरचा वास म्हणून."

"ते नको सांगू," मी म्हणाले. "विचारलं तेवढं सांगितलंस, पुरे."

तो गेला. मला हलकं वाटायला हवं होतं. नळावरच्या दोघीही आता नाहीत, नाहीतर तोंडावर सांगितलं असतं. मी खाटेवर बसून राहिले. सवयीने मोम्बासावालीला म्हटलं, "ऐकलंस?" ती काही बोलली नाही. बोलणार कशी? ती नव्हतीच. नवरा महिनोन्महिने नसायचा, पुढे सासू गेली, मुलगी गेली, तो गेला. ही एक तेवढी कायम घरात होती, आणि मी तिला दोन वाक्यांत घालवून बसले. तिला घालवायलाच बोटीवर आले होते म्हणा.

दार खडखडत होतंच. मी लुगड्याचा काठ दातांनी तोडला आणि एक पट्टी टर्रकन फाडली. तेवढ्यात मुलगी ओल्या केसांनी आत आली.

"आई! अगं, बाबांच्या वेळचं ना ते? फाडतेस काय?"

"चिंधी आहे," मी म्हणाले. पट्टी दुमडून दारात कोंबली. दार गप्प झालं.

"कंटाळलीस का इथं?"

"नाही."

"मग चेहरा का असा?"

"माझा चेहरा असाच आहे."

ती थोडा वेळ माझ्या शेजारी बसली. मग नातीने हाक मारली आणि ती गेली. तिला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या बापाची बाई आज गेली म्हणून?

घरी आले तर घर होतं तसंच होतं. पंप बंद पडला होता. तो दुरुस्त करून घेतला. उरलेल्या लुगड्याची फडकी केली. मऊ आहेत, त्या खोली आवरणाऱ्याचं म्हणणं खरं होतं.

मग कोळणीकडून ओला जवळा घेतला आणि अंगणात चटईवर वाळत घातला. कावळे टपलेलेच होते. मी ट्रंकेच्या तळातून ती गुलाबी नायलॉनची साडी काढली, जवळ्यावर पसरली आणि चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. ऊन आत जातं, वारा आत जातो, चोच जात नाही. एवढाली फुलं अंगणभर दिसत होती.

"ही चालते," मी मोठ्याने म्हणाले.

पूर्वी असं काही म्हटलं की मोम्बासावाली लगेच टोचून काहीतरी बोलायची. मी थोडी थांबले. मग एक कावळा साडीवर येऊन बसला, त्याला खडा मारला.