भिंत वाजवून पाहणारे साडभाऊ

वर्ध्यात विटेची असो की मातीची, माझ्या साडभाऊंनी वाजवून पाहिली नाही अशी भिंत तेव्हा एकही उरली नव्हती, आणि त्यातली एकही त्यांच्या मालकीची नव्हती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका जिनिंगमध्ये कापसाची पारख करायची त्यांची नोकरी. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती लांबेल ते सांगायचं. घराशीही ते तसेच वागत. आधी भिंतीवर मधल्या बोटानं टकटक, मग गिलाव्याचा पोपडा चिमटीत चुरायचा, मग विहिरीचं पाणी घोटभर तोंडात घोळवून "जड आहे" म्हणायचं आणि सायकलवर टांग टाकायची. जेवताना कुणी "अमक्या गल्लीत घर निघालं म्हणे" असं नुसतं पुटपुटलं, तरी घास गिळायच्या आत माणूस अंगणात. एकदा एका ओळखीच्या घरचे म्हातारे गेले म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. मी चेहरा पाडून बैठकीत बसलो होतो, आणि मागच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती. निघताना साडभाऊंनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "दुःख तं आहेच भाऊ. पन इतक्या खोल्या आता काहाले लागते तुले?"

घरांच्या भावाबद्दल त्यांचं शास्त्र पक्कं होतं. "कापूस इकला का लोकायच्या हाती पैसा येते, घर महाग होते. पेरणीच्या तोंडी तोच मानूस घर इकाले काढते. तवा घ्याव." पेरणी तोंडावर आली की शास्त्र बदले. "थांब जरा. नागपूरची राजधानी जाऊन राह्यली. सायब लोक उठले का तिकडची घरं रिकामी, मंग इकडचाबी भाव पडते." राजधानी गेली, साहेब गेले, वर्ध्याच्या घरांना त्याचा पत्ताही लागला नाही. साडभाऊ मात्र नव्या कारणासाठी थांबले.

या थांबण्यापायी आमच्या अक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सहा भाड्याची घरं बदलली. तिची तुळस तुपाच्या रिकाम्या डब्यात होती. दर वेळी ती डबा मांडीवर घेऊन टांग्यात बसे. तुळस एकदा आपल्या जमिनीत लावायची, एवढंच तिचं मागणं. त्या वर्षी मालकानं दिवाळीच्या आत खोल्या सोडायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आता डबा उचलीन तं आपल्या घरी नेईन. नाईतं सिंदीले, बाबाकडे."

साडभाऊंनी मग पितृपक्ष गाठला. त्या पंधरवड्यात कुणी घराचा सौदा करत नाही, म्हणून दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणून भाव आपल्या हातात. घर रेल्वेफाटकापलीकडे, एका म्हाताऱ्या बाईचं; ती कारंज्याला मुलाकडे राहायला जाणार होती. वाटेत त्यांनी मला माझं काम समजावलं. "मास्तर, मी गप राहीन. तू नाक मुरडजो. खोट काढल्याबिगर भाव उतरत नाई." मी पडलो शाळामास्तर, चुका काढण्यावरच माझा प्रपंच चालतो. शिवाय शाळेच्या नाटकात मला भाला धरण्यापलीकडे कधी काम मिळालं नव्हतं. ती सगळी हौस मी त्या दिवशी भागवून घेतली.

म्हातारीनं वडे तळले होते. आल्याआल्या तिनं दोन माझ्या हातावर ठेवले. ते खात खात मी सुरुवात केली. स्वयंपाकघर अंधारं. विहीर दाराला फार जवळ. अंगणातला आंबा वाढला की पाया उखडणार. छताकडे पाहून तर मी असा सुस्कारा टाकला की खाली उभं राहायची मलाच भीती वाटली. साडभाऊ खरोखरच गप होते. त्यांनी भिंत एकदाच वाजवली आणि हात तिथंच राहू दिला. एवढ्यावरून मला कळायला हवं होतं. पण मी रंगात आलो होतो. तिसरा वडा उचलून म्हणालो, "माय, बांधणाऱ्याला काही समजत नव्हतं."

"बांधनारा माहा मालक होता," ती म्हणाली. "आज त्याचीच तिथी आहे. त्याच्याच नावाचे वडे खाऊन राह्यला तू."

तोंडाशी नेलेला वडा मी खाली ठेवला. साडभाऊ पुढं झाले. "माय, घर चांगलं आहे. लय चांगलं आहे. हा तं मीच सांगतलं म्हनून बोलून राह्यला."

"आता काऊन चांगलं झालं?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "माह्या घराले नाव ठेवते त्याले मी घर देत नाई. बसा, पानी पिऊन जा."

परतताना साडभाऊ सायकलवर बसले नाहीत. ती हातात धरून चालत राहिले. फाटक बंद होतं. मालगाडी संपेपर्यंत मी माफीची तीन वाक्यं मनात जुळवली. गाडी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "भिंत चांगली होती, मास्तर."

पंधरवडा संपताच ते घर एका रेल्वेच्या गार्डानं घेतलं. त्यानं म्हणे आंबा कुणी लावला एवढंच विचारलं होतं. आम्ही सांगणार होतो त्याहूनही कमी भावात म्हातारीनं त्याला ते दिलं.

दिवाळीच्या आधी साडभाऊंच्या दारात टांगा आला. अक्का सिंदीला गेली नाही. सातव्या भाड्याच्या घराकडे जाताना तिनं डबा मांडीवर घेतला आणि मी चढायला गेलो तर म्हणाली, "तुमी पायी या. टांग्याचीबी खोट काढसान."

साडभाऊ अजूनही घरं पाहतात. मलाही नेतात, पण दाराबाहेर सायकल धरून उभं करतात. फाटकापलीकडून परतताना म्हातारीच्या त्या घरापाशी आलो की त्यांच्या सायकलची चेन हटकून पडते. "पाह्यजो जरा," ते म्हणतात. मी खाली बसतो. चेन पडलेली नसतेच. तरी मी ती चढवत राहतो, कुंपणाच्या भिंतीवर टेकलेला त्यांचा हात निघेपर्यंत.