शेवटचा आकडा

सेनगावच्या आमच्या बियाणे कंपनीत सर्व्हर जुनाच ठेवला होता. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर त्याला जोडणारा नवा प्रोग्राम टाकायचं काम माझ्याकडे आलं. अकरा जणांनी लगेच टाकून घेतला. गोदामाच्या बाई मात्र खुर्ची सोडेनात.

"काहून बदलून राहिले तुमी? जुनं बराबर चालतंय की."

मी जवळ गेलो की त्या स्क्रीन बंद करायच्या. बाई काहीतरी लपवतात, असं मला वाटायला लागलं. साहेबांना सांगतो म्हटल्यावर त्या उठल्या.

काम झालं. त्यांनी नव्या प्रोग्राममधून पोत्यांची यादी छापली, जुन्या यादीवर ठेवली आणि दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले.

"हे बघा सर. लॉट नंबरातला शेवटचा आकडा न्हाई."

खरंच नव्हता. तपासणीत नापास झालेलं सोयाबीन त्या आकड्यावरूनच ओळखू यायचं.

"अन् बाकीच्या अकरा जणांचं? आठ दिस झाले, माल जाऊन राहिला."

बियाणं भरून जवळच्या गोरेगावला निघालेली जीप मी धावत जाऊन फाटकात अडवली. परत आलो तेव्हा आधी गेलेल्या गाड्यांना बाईच फोन लावत होत्या. मी लावतो म्हणून हात पुढे केला. त्यांनी फोन दिला नाही.