धक्क्यावरची वहिवाट

नावाड्याला गावात 'जैसे थे' म्हणत. हे टोपणनाव त्याला कोर्टामुळे चिकटलं.

आजोबा, वडील आणि तो, अशा तीन पिढ्या त्या घरची होडी नदीवर चालत होती. दवाखाना, वाचनालय, कचेरी सगळं पलीकडे, आणि पूल वर सात मैलांवर. कोर्टाच्या इमारतीचे दगडसुद्धा याच होडीतून गेले, असं त्याचे वडील सांगत. होडीचा परवाना त्याच्या नावावर होता. पण होडी लागायची तो धक्का, धक्क्याकडे येणारी वाट आणि वाटेकडेची त्याची राहती खोली, हे सगळं ज्या जमिनीवर होतं ती जमीन कधीच त्यांची नव्हती. जुना मालक आजोबांना तोंडी म्हणाला होता, "वापरा." त्या एका शब्दावर दोन पिढ्या निघाल्या. मग मालक वारला आणि त्याच्या मुलांनी जमीन विकली.

विकत घेतली बाईंनी. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते, नावाड्याच्या मुलीलाही. निवृत्त झाल्यावर नदीकाठी दोन खोल्यांचं घर बांधायचं, एवढीच त्यांची हौस. जमीन त्यांच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर झाली. मोजणी झाली तेव्हा कळलं, की धक्का, वाट, खोली, सगळं त्यांच्याच हद्दीत येतंय.

"खोली रिकामी करा आणि वाट दुसरीकडून काढा," बाईंनी नीट शब्दांत सांगितलं.

"दुसरीकडे खडक आहे बाई, होडी लागत नाही," नावाड्यानंही तितक्याच नीट सांगितलं.

प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी, असा हुकूम झाला.

जैसे थे म्हणजे काय, ते पुढच्या नऊ वर्षांत कळलं. पत्रा फुटला, बदलायचा नाही. चौकट वाळवीनं खाल्ली, हात लावायचा नाही. धक्क्याची खालची पायरी वाहून गेली, तर उतारूंनी उडी मारायची. बाईंनाही वीट रचता येईना. त्या किराणा दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या, आणि जमिनीवर आणून टाकलेल्या त्यांच्या विटांवर शेवाळ चढत होतं.

त्यात वकिलानं नावाड्याला बजावलं, "खोली एक दिवसही मोकळी सोडू नका. ताबा गेला की वहिवाट गेली, आणि वहिवाट गेली की धक्का गेला. होडीही रोज एकदा तरी पलीकडे गेलीच पाहिजे, नाहीतर परवाना जाईल."

त्यामुळे नवरा-बायको नऊ वर्षांत एकदाही मिळून कुठे गेले नाहीत. मुलीचं लग्न तिच्या सासरच्या गावी झालं. बायको गेली, बाप राहिला. नात झाली, तेव्हाही तेच. बायको म्हणायची, "लोक घराला कुलूप लावतात. आपल्याला घरानं कुलूप लावलंय."

बाई रोज वाचनालयात जायला त्याच होडीत बसत. उतारूला नाही म्हणायचं नाही, अशी परवान्याची अटच होती. दोघं एकमेकांशी बोलत नसत. तारखेच्या दिवशीही दोघं एकाच होडीतून कोर्टात जात. लोक हसत, "दोघांतलं एक जरी बुडालं, तरी खटला निकाली!"

दहाव्या वर्षी एका सकाळी बायकोच्या पोटात असं दुखायला लागलं, की तिला सरळ उभं राहता येईना. उतारूंनी तिला धरून होडीत बसवलं. नावाडी मात्र दारात किल्ली घेऊन उभाच. बाई पुढे आल्या.

"कुलूप लावा आणि निघा. मी पायरीवर बसते. आत जाणार नाही."

"तुम्ही?" तो म्हणाला. "उद्या कोर्टात सांगाल, खोली बंद होती."

"विचारलं तर सांगेन. खोटं बोलणार नाही."

त्यानं किल्ली पुन्हा खिशात टाकली. पण होडीतून बायको कण्हली आणि त्यानं कुलूप लावलं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. तीन दिवस तो दवाखान्यात राहिला. रोज सकाळी तेवढी एक फेरी करून जाई. दरवेळी बाई पायरीवर दिसत. छत्री उघडलेली, मांडीवर पुस्तक, शेजारी डबा.

ही गोष्ट बाईंच्या भावाच्या कानावर गेली आणि त्यानं ती त्यांच्या बाजूच्या वकिलाला सांगितली. चार महिन्यांनी बाई साक्षीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याच वकिलानं विचारलं, "त्या तीन दिवसांत खोलीत कुणी होतं का?"

"नाही. कुलूप होतं."

नावाड्यानं डोळे मिटून घेतले.

"पण बाहेर मी बसले होते," बाई पुढे म्हणाल्या. "नावाड्याच्या वतीनं. खोली त्याच्या ताब्यात आहे, हे धरूनच बसले होते."

"एवढं विचारलं नव्हतं," वकील घाईनं म्हणाला.

"अर्ध्या उत्तराला मी अर्धेच गुण देत असे."

निकाल नावाड्याच्या बाजूनं लागला. दोन आठवडे त्यानं पत्र्यांची चौकशी केली, सुताराला बोलावलं, बायकोबरोबर मुलीकडे जायचा बेत ठरवला. तिसऱ्या आठवड्यात नोटीस आली. जमिनीत नाव असलेल्या भावानं अपील केलं होतं, आणि वरच्या कोर्टानं परिस्थिती पुन्हा जैसे थे केली होती.

"पुन्हा?" बायकोनं विचारलं.

"पुन्हा."

ती रडली नाही. तिनं ट्रंक काढली. "मुलीला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. मी तिच्याकडे राहते. तुम्ही सुटलात की या."

"सोडूनच दिली खोली, तर?"

"तर उद्याच या. पण तुमच्यानं होणार नाही ते."

तो दिवसभर विचार करत राहिला. त्या दिवशी त्यानं चाळीस-पन्नास माणसं नेली-आणली. त्यांतल्या एका म्हातारीला दिवसाआड दवाखान्यात जावं लागे. तिला सात मैलांवरच्या पुलापर्यंत कोण नेणार होतं? संध्याकाळी त्यानं वल्ही पुसून जागेवर ठेवली. बायकोनं ट्रंकेला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला पलीकडे सोडलं, ट्रंक बसमध्ये चढवली. बस सुटेपर्यंत थांबायचं होतं, पण अलीकडून लोक हाका मारायला लागले.

त्याला दोन वर्षं झाली. अपील अजून सुनावणीला आलेलं नाही. नातू आता चालतो, म्हणे. फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येतो.

बाईंचं भावाशी बोलणं तुटलं, पण नावाड्याशी त्या बोलतात. परवा मधल्या धारेत असताना त्यांनी विचारलं, "माझं चुकलं का हो? नको होतं का जायला कोर्टात?"

त्यानं होडीचं तोंड काठाकडे वळवलं.

"साक्षीत तुम्ही खरं बोललात बाई," तो म्हणाला. "पण त्या दिवशी हरलो असतो, तर आज मी नातवापाशी असतो."

काठ आला. त्यानं हात देऊन त्यांना उतरवलं आणि परतीचे उतारू घेतले.