गाडीचं नाक

देवाने हे जग घाईघाईत मांडलं आणि प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी ठेवून तो निघून गेला, अशी ठाम समजूत असलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्याकडे व्याह्याला इवाही म्हणतात. दुसरा कोणी असता तर मी त्याला भर चौकात चार शब्द सुनावले असते. शून्यातून धंदा उभा केलेला माणूस आहे मी. सायकलवर पोती बांधून सुरुवात केली; आज राइस मिलवाले मला पाहिले की आधी पाणी मागवतात आणि मग भाव सांगतात. पण ज्या घरात आपली पोरगी दिली, त्या घरात आवाज चढवता येत नाही. हा नियम ज्याने केला त्याचा व्याही बहुधा मुका असावा.

माझ्या व्याह्यांच्या सदऱ्याचा खिसा पाठीवर आहे. छातीवरच्या खिशातली वस्तू वाकलं की पडते, म्हणून खिशाची जागा चुकली, असं त्यांनी शिंप्याला पटवून दिलं. आता खिशातलं काही पडत नाही, फक्त त्यांचा हात तिथे पोचत नाही, त्यामुळे चष्मा हवा असला की ते जो भेटेल त्याच्याकडे पाठ करतात. सायकलची घंटी त्यांनी दांड्यावर बसवली आहे. ती गुडघ्याने वाजते, आणि चढावर कोणी समोर नसतानाही वाजतच राहते. घड्याळ कोपराच्या वर बांधतात. धानाच्या चिखलात मनगट बुडतं, कोपर बुडत नाही, हे त्यामागचं शास्त्र. म्हशीचा खुंटा त्यांनी इतक्या वेळा हलवला की ती म्हैस संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहते आणि कोणीतरी सांगेपर्यंत आत जात नाही.

लग्नाच्या बैठकीतच मला हा माणूस कळायला हवा होता. मी घासाघीस करायला कंबर कसून बसलो होतो. ते काय मागतील, मी काय म्हणेन, कुठे उठून जायचं सोंग करेन, सगळं ठरवून ठेवलं होतं. या गृहस्थांनी काही मागितलंच नाही! माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "इवाही, जरा खिसा पाहा जी, सुपारी आहे." सुपारी खाल्ली, मांडव कुठे घालणार ते विचारलं, आमच्या मुर्री गावच्या घराच्या अंगणाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाकी सारं बेस आहे. मांडवाचं तोंड तेवढं चुकून राहिलं." झालं! एवढ्यावर सोयरीक पक्की. आयुष्यात इतका अपमान माझा कोणी केला नव्हता. आणि मांडव फिरवावा लागला तो लागलाच.

पण खरं दुखणं माझ्या पिकअपचं आहे. गाडी जुनी आहे, दाराला दोरी आहे, पण माझ्या कमाईची पहिली गाडी आहे. मिलमधून धानाचा कोंडा भरायचा आणि गोठेवाल्यांना पोचवायचा, हा माझा रोजचा धंदा तिच्यावर चालतो. रायपूरला एका लग्नाला जायचं होतं. व्याह्यांचं गाव सडक अर्जुनीजवळच, महामार्गाला लागून. म्हटलं, गाडी त्यांच्या अंगणात ठेवावी, पोरीलाही भेटावं आणि पुढे बसने जावं. परत आलो तर गाडीला सोंड फुटली होती! इंजिनाला हवा देणारी नळी बॉनेटमधून बाहेर काढून, काचेच्या कडेने टपावर नेऊन तिच्या डोक्यावर दुधाची बरणी उपडी घातली होती. बॉनेट उघडलं तर बॅटरी गायब. ती मागे, हौद्याच्या कोपऱ्यात, लोखंडी पेटीत वेल्डिंग करून बसवलेली.

"हे काय केलं?" मी म्हणालो. म्हणालो कसला, ओरडायला तोंड उघडलं होतं. पण दारात माझी पल्लवी उभी होती, तिने डोळे मोठे केले. "बाबा, हळू बोला ना."

"नाक चुकलं होतं जी गाडीचं," व्याही आनंदाने म्हणाले. "तुम्ही कोंडा भरता, अन् गाडी खालून तोच कोंडा हुंगते. मी नाक वर नेलं."

"आणि बॅटरी?"

"नाकाले जागा पायजे का नाही? तिथं बॅटरी बसून होती. तिले मांगं धाडली. इंजिनच्या आगीतून सुटली बिचारी."

"इवाही, पोत्याची जागा गेली ना माझी!"

"पण वायर पाहा जी," ते म्हणाले. माझं पोतं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. अंगठ्याएवढी जाड काळी केबल त्यांनी मला हातात धरून दाखवली. "जवळ होती तवा बारीक वायरवर भागलं. दूर नेलं का जाड लागते. नाही तं पोचेपर्यंत जीव जाते करंटचा."

मी दात आवळून गाडी सुरू केली. पहिल्या फटक्यात सुरू झाली, याचाही मला राग आला. मिलवर हमालांनी तिचं नाव हुक्का ठेवलं. गोठेवाल्यांची पोरं "हत्ती आला" म्हणून मागे धावू लागली. ज्याच्या गाडीला पोरं हसतात त्याने सांगितलेल्या भावाला कोण मान देणार? फिल्टर पूर्वी दर फेरीला झाडावा लागायचा, आता तो स्वच्छ निघतो, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. मी ठरवलं, जायचं आणि तोंडावर सांगायचं: होती तशी करून द्या. पण सांगायचं म्हटलं की पोरगी आठवायची. पल्लवी डावरी. वाढताना तिचा डावा हात पुढे येतो, आणि त्यावरून आमच्याच नातलगांनी तिला पंगतीत रडवलं होतं. तिकडे तिला कोणी बोलत तर नसेल, ही धास्ती मला आधीपासून. त्यात मी भांडण काढून तिला आणखी बोलणी खायला लावू?

तरी गेलो. गाडीचा राग मोठा होता. अंगणात व्याही एक अख्खं लोखंडी फाटक घामाघूम होऊन वेल्डिंगच्या मशीनकडे ओढत होते.

"फाटक काऊन ओढता? वायर न्या ना फाटकापाशी," मी म्हणालो.

"पुरत नाही जी आता."

पल्लवी पाणी घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "तुमच्याच गाडीत गेली बाबा, ती केबल."

जेवण झाल्यावर बोलू, असं ठरवलं. आत गेलो तर स्वयंपाकघर ओळखू येईना. ओटा उजवीकडचा डावीकडे गेलेला. नळ, माठ, डब्यांची फळी, सगळं पलटलेलं. कपाटाचं दार उलट्या बाजूने उघडत होतं. मधली भिंत तर हातभर सरकवून नवीन बांधलेली, तिला अजून रंगही नव्हता. आणि माझी पोरगी त्या घरात माशासारखी फिरत होती. डाव्या हातात पळी. कशाला अडत नव्हती, कशाला धडकत नव्हती. पंगत अशी मांडली होती की तिचा डावा हात सरळ ताटावर यावा.

"भिंतसुद्धा?" मी विचारलं.

"वट्टा हलवला, मंग नळ, मंग भिंत मधात आली," व्याही भात कालवत म्हणाले.

"एवढी खटपट कायले?" मी म्हणालो. "तिलेच सांगाचं होतं, उजवा हात वापर म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चंद्र सरकवायला सांगितला आहे. "हात जागेवरच होता जी पोरीचा," ते म्हणाले. "घर चुकलं होतं."

भाजीला मीठ बरोबर होतं, तरी मी मीठ मागून घेतलं. निघताना ते म्हणाले, "काही बोलाचं होतं का इवाही?" मी म्हणालो, "दाराची दोरी तेवढी राहिली." त्यांचे डोळे चमकले, तेव्हा मी घाईने गाडीत चढलो. पल्लवी फाटक नसलेल्या दारात उभी राहून डावा हात हलवत होती. आमच्या घरी ती डावा हात असा उघड कधी हलवत नसे.

माझा राग गेलेला नाही. पोत्याची जागा गेली ती गेलीच आणि हत्ती म्हणणारी पोरं अजून मागे धावतात. पण काल मी गोंदियाच्या बाजारात वेल्डिंगची केबल घ्यायला गेलो. दुकानदाराने भाव सांगितला, मी घासाघीस न करता होकाराची मान हलवली. तो मला वीस वर्षं ओळखतो. त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. "सेठ, तबियत तो ठीक है?" मग त्याने दोन गुंडाळ्या पुढे टाकल्या आणि विचारलं, पतली चलेगी का मोटी.

"जाड दे," मी म्हणालो. "दूर न्यायची आहे."