हाताची सवय

कोलशेतच्या एका औषध कंपनीत मी एकोणीस वर्षं उंदरांची देखभाल केली. नैराश्यावरच्या नव्या औषधांची चाचणी तिथे उंदरांवर व्हायची. चाचणीआधी आठवडाभर प्रत्येक उंदराला रोज हातात घेणं माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी तो थरथरतो, बोटांवर मुततो. सहाव्या दिवशी पिंजरा उघडला की आपणहून तळहातावर येतो. मग त्याच हाताने त्याला पाणी भरलेल्या उंच काचेच्या भांड्यात सोडायचं. तो किती वेळ हातपाय मारतो, किती वेळ नुसता तरंगतो, ते मोजायचं. तरंगला की हरला, असं मला शिकवलेलं. औषध दिलेला उंदीर जास्त वेळ पोहला तर औषध चांगलं.

माझा धाकटा भाऊ दिवा स्टेशनजवळ राहतो. त्याला नैराश्याचा आजार आहे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, दिवसभर गुंगी असायची. मी दर शनिवारी संध्याकाळी जायचो. एकदा उत्साहाच्या भरात बोलून गेलो, "आमच्याकडे नवं औषध आलंय. उंदीर थांबतच नाहीत रे. थोडा दम धर."

तो खूप दिवसांनी हसला. "म्हणजे माझ्याआधी उंदीर सुखी होणार."

पुढे दर शनिवारी तो विचारायचा, "दादा, तुझे उंदीर काय म्हणतायत?"

"पोहतायत."

तेच औषध एव्हाना काही रुग्णांनाही देऊन बघत होते. एके दिवशी चहा पिता पिता साहेब म्हणाले, माणसांना गुण आला नाही, काम बंद.

"पण आपले तर पोहत होते," मी म्हटलं.

"अहो, तरंगणारा हरलेलाच असतो असं कुठे आहे? बाहेर पडायला वाट नाही हे कळलं की तो ताकद राखून ठेवत असेल. ही शंका जुनीच आहे."

जुनी. एकोणीस वर्षांत ती मला कुणी सांगितली नव्हती. फसवलं गेल्याचा एवढा राग मला कधी आला नव्हता. आणि त्याच शनिवारी भावाने विचारल्यावर मी म्हणालो, "पोहतायत." त्यानंतरचे तीन शनिवारही.

पाचव्या शनिवारी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली, अंगात तोच शर्ट. भावजयीने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे उघडला. आत गोळ्यांची न फोडलेली पाकिटं.

"दोन महिने घेतल्याच नाहीत, दादा. आज सापडल्या. म्हणतात, तुमचं औषध येणारच आहे ना."

मी त्याच्या पाठीशी बसून सगळं सांगितलं. शनिवारचं खोटंही. तो वळला नाही. भिंतीकडेच बघत म्हणाला, "त्यांना आधी आठवडाभर हातात घेतोस ना?"

"हो."

"कशाला?"

"घाबरू नयेत म्हणून."

तो उठून बसला. भावजयीने डॉक्टरांची फाईल काढली, त्याला दुसरा शर्ट दिला. मी रिक्षा आणायला चपला घातल्या.

"तू नको येऊस, दादा."

दोघं हळूहळू जिना उतरले. मी डबा मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिलो.

आता गोळ्या पुन्हा सुरू आहेत, थोडा फरक आहे. मी अजूनही शनिवारी जातो. तो चहा पुढे करतो, पंख्याचं, पाण्याचं बोलतो. उंदरांचं विचारत नाही.